चौऱ्याऐंशी की पंच्याऐंशी?

८४ आणि ८५ या दोन संख्यांत फरक किती? पहिलीतला मुलगाही सांगेल, एकाचा. परंतु २०१० साली अमेरिकेतल्या एका कंपनीला हा एकाचा फरक फार महाग पडला. कंपनीचे नाव ऑब्सिडियन आणि तिने तयार केलेल्या व्हिडिओ गेमचे नाव ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’. खेळ संगणकावर आणि कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या यंत्रावर खेळायचा होता. तो बाजारात आणला बेथेस्डा या प्रकाशक कंपनीने. दोघांतला करार असा होता की, खेळ बनवणाऱ्यांना ठरलेली रक्कम एकदाच मिळेल, विक्रीत वाटा मिळणार नाही. मात्र समीक्षकांनी दिलेल्या गुणांची सरासरी ८५ किंवा त्याहून अधिक आली, तर वर बक्षिसी मिळेल. सरासरी आली ८४. बक्षिसी हुकली. ऑब्सिडियनच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या क्रिस अॅव्हेलोन यांनी २०१२ साली ही हकीकत जाहीरपणे सांगितली, तेव्हा खेळांच्या जगात बराच गदारोळ झाला.

आता हाच आकडा आपण भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत नेऊ या. स्क्रू गेजने तारेचा व्यास मोजताना एका मुलाला ०.८४ मिलिमीटर आणि शेजारच्याला ०.८५ मिलिमीटर मिळाला, तर कोणी भांडत नाही. स्क्रू गेजचे लघुतम माप ०.०१ मिलिमीटर आहे, म्हणजे शेवटच्या अंकात एकाचा फरक पडणारच, हे दोघांनाही ठाऊक असते. मग समीक्षक नावाच्या ‘मापकाचे’ लघुतम माप किती? त्याची शून्य त्रुटी किती? आणि मुळात तो मोजतो तरी काय? हे प्रश्न विचारल्याखेरीज ८४ खरे की ८५ खरे, ते सांगता येणार नाही.

पेण आणि रोहा परिसरातल्या ज्या घरांत १९९०च्या दशकात मुले होती, तिथल्या मोठ्या माणसांना व्हिडिओ गेमबद्दल विचारून पाहा. टीव्हीला जोडायचा डबा, त्यात खुपसायची पिवळी ‘कॅसेट’ आणि ती चालली नाही की तिच्यात मारायची फुंकर, हे त्यांना नक्की आठवेल. (जाता जाता सांगतो, फुंकरीने काही साधत नसे. कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने धातूची टोके घासली जात आणि विद्युतसंपर्क सुधारे. श्वासातली वाफ मात्र आपल्या कोकणातल्या दमट हवेत भर घालून ती टोके गंजवायला मदत करी.) त्या कॅसेटवर ‘एकात ९९९९ खेळ’ असे छापलेले असे आणि प्रत्यक्षात तेच मूठभर खेळ नावे बदलून पुन्हापुन्हा येत. खेळ कसा आहे, हे सांगणारा समीक्षक तेव्हा आपल्याकडे नव्हता. शेजारचा मुलगा हाच समीक्षक. आज कन्सोलच्या नव्या, मोठ्या खेळाला चार-पाच हजार रुपये पडतात. इतके पैसे घालण्याआधी कोणीही गुण पाहणार, हे ओघानेच आले.

हे गुण देण्याची प्रथा तशी जुनी आहे. जपानमधल्या ‘फामित्सू’ या नियतकालिकाने १९८६ साली एक पद्धत सुरू केली. प्रत्येक खेळ चार समीक्षक खेळतात, प्रत्येक जण दहापैकी गुण देतो आणि बेरीज चाळीसपैकी छापली जाते. पैकीच्या पैकी, म्हणजे ४० गुण, मिळवणारा पहिला खेळ होता ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम’, आणि तो आला १९९८ साली. बारा वर्षे वाट पाहावी लागली! या पद्धतीतली मला आवडणारी गोष्ट अशी की, चौघांचे गुण वेगवेगळे छापतात. ९, ९, ५, ५ आणि ७, ७, ७, ७ या दोन्हींची बेरीज २८च आहे. पण पहिल्या खेळावर भांडण झालेले दिसते आणि दुसऱ्यावर जांभई.

२००१ साली ‘मेटाक्रिटिक’ हे संकेतस्थळ सुरू झाले. त्याने जगभरच्या समीक्षकांचे गुण गोळा करून त्यांची सरासरी शंभरपैकी एकाच आकड्यात द्यायला सुरुवात केली. ऑब्सिडियनच्या करारात होता तो आकडा हाच. ७५ आणि वर असेल तर हिरवा रंग, ५० ते ७४ पिवळा, त्याखाली लाल. ही साधी सरासरी नाही, भारित सरासरी आहे. म्हणजे काही समीक्षकांच्या मताला अधिक वजन दिले जाते. कोणाला किती, हे मात्र गुपित आहे. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेवर प्रश्नांपुढचे गुण छापलेच नाहीत तर कसे वाटेल, तसाच हा प्रकार आहे.

पट्ट्या निरनिराळ्या

कोणी दहापैकी गुण देतो, कोणी पाचपैकी तारे, कोणी अक्षरी श्रेणी. हे सारे शंभराच्या पट्टीवर आणायचे म्हणजे एककांचे रूपांतर आले. पाच ताऱ्यांची पट्टी घ्या. एक तारा म्हणजे २० गुण. म्हणून या पट्टीचे लघुतम माप २०. एखाद्या समीक्षकाच्या मनात ‘फार चांगला, पण अगदी सर्वोत्तम नव्हे’ असे असेल, तर त्याच्यापुढे ८० किंवा १०० एवढेच पर्याय उरतात. ८८ म्हणायची सोयच नाही. अशी वीस-वीसच्या खाचांची मापे एकत्र करून काढलेल्या सरासरीत ८४ आणि ८५ असा भेद करणे, म्हणजे फुटपट्टीने केसाची जाडी मोजण्यासारखे आहे. अक्षरी श्रेणीचेही तेच. मेटाक्रिटिकच्या कोष्टकात इंग्रजी ‘बी’ श्रेणीचे ७५ गुण होतात; ज्याने ‘बी’ लिहिले, त्याच्या मनात ७५ होते की ८२, कोणास ठाऊक.

याहून गमतीचा भाग शून्याचा. खेळांचे समीक्षक शंभराची पट्टी पूर्ण वापरत नाहीत. बहुतेक गुण ६० ते ९० यांच्यामध्येच घुटमळतात. त्यामुळे खेळाला ६० म्हणजे जवळजवळ नापास! चित्रपटाला मात्र ६० म्हणजे ‘पाहायला हरकत नाही’. मेटाक्रिटिकनेही हे मान्य केले आहे: चित्रपट ६१ गुणांनाच हिरवा होतो, खेळाला त्यासाठी ७५ लागतात. दवाखान्यातला तापमापक आठवा. त्याच्यावर साधारण ३५ ते ४२ अंश सेल्सिअस एवढ्याच खुणा असतात आणि सारा निवाडा त्या सात अंशांत होतो. ३९ अंश ताप असलेल्या मुलाला ‘शंभरापैकी ३९च’ असे कोणी म्हणत नाही. तसेच ४० अंश म्हणजे २० अंशांच्या दुप्पट उष्ण, असेही म्हणता येत नाही, कारण सेल्सिअस पट्टीचे शून्य आपण सोयीसाठी ठरवलेले आहे. खेळांच्या गुणांचे शून्य तर कोणी नीट ठरवलेलेही नाही. म्हणून आठ गुणांचा खेळ चार गुणांच्या खेळाच्या दुप्पट चांगला, हे वाक्य निरर्थक आहे.

आता सरासरीकडे वळू या. समजा, पेणच्या एखाद्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा आहे. तीन परीक्षक, दहापैकी गुण. पहिल्या परीक्षकाने कमलला ७ आणि खंडूला ८ दिले. दुसऱ्यानेही ७ आणि ८ दिले. तिसरे परीक्षक जरा तिखट. त्यांनी कमलला ९ आणि खंडूला ४ दिले. बेरीज करा. कमल २३, खंडू २०. ढाल कमलला! पण तिघांपैकी दोघांना खंडू अधिक चांगला वाटला होता. असे का झाले? पहिल्या दोघांनी दोन मुलांत एकेका गुणाचाच फरक केला, तिसऱ्याने पाचाचा. जो परीक्षक पट्टी जास्त ताणतो, त्याचे मत बेरजेत जास्त वजनदार ठरते. कोणी त्याला जादा अधिकार दिलेला नसतो, तो आपोआप मिळतो. शिक्षक मित्रांनी पुढच्या स्पर्धेआधी हे परीक्षकांच्या कानावर घालायला हरकत नाही.

यावर उपाय आहेत. गुण चढत्या क्रमाने लावून मधला घ्यायचा, म्हणजे मध्यक. कमलचे ७, ७, ९, मध्यक ७. खंडूचे ४, ८, ८, मध्यक ८. आता खंडू जिंकला. पाण्यात सूर मारण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत सात परीक्षक असतात आणि वरचे दोन व खालचे दोन गुण काढून टाकून मधले तीनच धरतात, तेही याच विचाराने. परंतु एक शंका मनात ठेवा. तिसऱ्या परीक्षकांना कदाचित खंडूचे भाषण एखाद्या पुस्तकातून जसेच्या तसे उचललेले आहे, हे एकट्यांनाच कळले असेल! टोकाचे वाचन चुकीचेच असते असे नाही. प्रयोगवहीत वेगळे पडलेले निरीक्षण खोडून टाकणाऱ्या विद्यार्थ्याला मी नेहमी थांबवतो, ते यासाठीच.

मग ८४चे काय? समजा, चाळीस समीक्षकांनी गुण दिले आणि त्यांचे प्रमाण विचलन १० आहे. म्हणजे ढोबळमानाने प्रत्येकाचे गुण सरासरीपासून दहाएक गुण इकडे-तिकडे आहेत. अशा वेळी सरासरीतली अनिश्चितता काढण्यासाठी विचलनाला संख्येच्या वर्गमुळाने भागतात. ४०चे वर्गमूळ सुमारे ६.३, १० भागिले ६.३ म्हणजे सुमारे १.६. म्हणून उत्तर ‘८४’ असे न लिहिता ‘८४ अधिक-उणे १.६’ असे लिहायला हवे. त्याच तोलाचे दुसरे चाळीस समीक्षक निवडले असते, तर सरासरी ८५च्या वर जाण्याची शक्यता चांगलीच होती. अनिश्चिततेच्या पोटात सामावणाऱ्या फरकावर करार बेतणे हे, माझ्या मते, मोजमापाचे अज्ञान आहे. मग करार लिहिणारा कितीही मोठा वकील असो. आणखी एक. हा खेळ बाजारात आला तेव्हा त्यात पुष्कळ तांत्रिक दोष होते. पुढे ते बरेचसे दुरुस्त झाले आणि खेळाचा लौकिक वाढला. परंतु मेटाक्रिटिक समीक्षकाने प्रथम दिलेले गुणच धरते, नंतर बदललेले धरत नाही. खेळ सुधारला, आकडा तिथेच राहिला.

सगळ्यांची एकच चूक

निरीक्षणे वाढवली की अनिश्चितता कमी होते, हे आपण पाहिले. पण एक चूक अशी असते की हजार निरीक्षणे घेतली तरी ती तिळभर कमी होत नाही. स्क्रू गेजचा शून्यच सरकलेला असेल, तर सगळीच वाचने तेवढ्याने चुकणार. याला आपण पद्धतशीर त्रुटी म्हणतो.

‘सायबरपंक २०७७’ हा पोलंडमधल्या सीडी प्रोजेक्ट या कंपनीचा बहुचर्चित खेळ १० डिसेंबर २०२० रोजी बाजारात आला. त्याआधी समीक्षकांना तो खेळायला दिला होता, पण फक्त संगणकावरचा. शक्तिशाली संगणकावर खेळ देखणा चालला आणि सुरुवातीची सरासरी ९०च्या आसपास गेली. ज्यांनी तो प्लेस्टेशन ४ या जुन्या कन्सोलसाठी घेतला, त्यांच्या पदरी मात्र अडखळणारी चित्रे आणि मध्येच बंद पडणारा खेळ आला. प्लेस्टेशन ४ वरच्या आवृत्तीची सरासरी पुढे ६०च्याही खाली आली. तक्रारी इतक्या वाढल्या की सोनी कंपनीने आठवड्याभरात तो खेळ आपल्या दुकानातून काढून टाकला आणि तो परत आला थेट जून २०२१ मध्ये. सुरुवातीचे समीक्षक खोटे बोलले नव्हते. सर्वांच्या हाती एकच सरकलेला स्क्रू गेज दिला गेला होता, एवढेच.

सामान्य खेळाडूंच्या गुणांत आणखी निराळा घोटाळा होतो. जून २०२० मध्ये ‘द लास्ट ऑफ अस’चा दुसरा भाग आला. समीक्षकांची सरासरी ९०च्या वर. खेळाडूंनी मात्र पहिल्या दिवसापासून हजारोंच्या संख्येने शून्य दिले, तर दुसऱ्या बाजूने लोक दहा देऊ लागले. खेळ संपायला वीसेक तास लागतात, हे लक्षात घेतले तर पहिल्या दिवशीच्या या गुणांत खेळाचे मोजमाप किती आणि राग-लोभ किती, ते उघड आहे. त्यानंतर मेटाक्रिटिकने नियम केला: खेळ आल्यावर ३६ तास खेळाडूंना गुण देता येणार नाहीत. अशा दोन उंचवट्यांच्या आलेखाची सरासरी मधल्या खोलगट भागात पडते, जिथे फारसे कोणीच नसते. धरमतरच्या खाडीतल्या नावाड्याला विचारा. भरतीला होडी कुठवर जाईल आणि ओहोटीला चिखल किती उघडा पडेल, हे त्याला हवे असते. पाण्याची सरासरी पातळी सांगून त्याचे काम भागत नाही.

पुण्याचा एक खेळ

आता आपल्याकडचे उदाहरण घेऊ. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहानशा चमूने ‘राजी: अॅन एन्शन्ट एपिक’ हा खेळ तयार केला. २०१७ मध्ये त्यांनी त्यासाठी इंटरनेटवरून लोकवर्गणी मागून पाहिली, ती पुरेशी जमली नाही. तरीही चिकाटीने काम चालू ठेवून १८ ऑगस्ट २०२० रोजी तो निन्टेन्डो स्विच या कन्सोलवर आणि ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर आला. कसरती करणारी राजी नावाची मुलगी असुरांनी पळवलेल्या आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघते. दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगतात. भिंतींवरची चित्रे पहाडी शैलीची, वाडे-किल्ले राजस्थानी वळणाचे आणि कथेचा काही भाग छायाबाहुल्यांतून उलगडणारा. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना हे ओळखीचे वाटेल. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’ या मोठ्या सोहळ्यात पदार्पणाच्या उत्तम खेळांच्या पाच नामांकनांत ‘राजी’चे नाव होते.

समीक्षकांनी चित्रे, वास्तू आणि संगीत यांचे कौतुक केले. लढाया तितक्या सफाईच्या नाहीत, खेळ लवकर संपतो आणि शेवट अर्धवट वाटतो, अशा तक्रारीही केल्या. म्हणजे गुणदोषांबद्दल बरेच एकमत होते. तरी आकडे वेगळे आले. का, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा, एखाद्या खेळाला चित्रांबद्दल ९, संगीताबद्दल ९, लढाईबद्दल ६ आणि लांबीबद्दल ५ गुण द्यायचे सर्वांना मान्य आहे. चारही बाबींना सारखे वजन दिले, तर २९ भागिले ४ म्हणजे ७.२५. ज्याला चित्र-संगीत महत्त्वाचे, तो ४:३:२:१ अशी वजने धरील. त्याचे उत्तर ८० भागिले १० म्हणजे ८. ज्याला लढाईची आणि पैसे वसूल होण्याचीच फिकीर, तो १:१:४:४ धरील. त्याचे उत्तर ६२ भागिले १०, म्हणजे ६.२. मोजमापात कोणाचीही चूक नाही आणि तरी एकाकडे खेळ हिरवा, दुसऱ्याकडे पिवळा.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात हेच रोज घडते. एक गिऱ्हाईक आधी डोळ्यांची आखणी पाहते, दुसरे मूर्ती शाडूची आहे ना ते विचारते, तिसरे चौरंगावर मावेल का म्हणून उंची मोजते. ‘ही मूर्ती ८३ गुणांची’ असे तिथे कोणी म्हणत नाही आणि तरीही मूर्ती घरोघरी योग्य ठिकाणी जातात. पिंगुळीच्या बाहुल्या ठाऊक असलेला समीक्षक आणि दुर्गा कोण हेही ठाऊक नसलेला समीक्षक यांचे ‘राजी’बद्दलचे आकडे तरी सारखे कसे यावेत? पहिला कदाचित आपलेपणाने दोन गुण वाढवील, दुसरा अनोळखीपणामुळे दोन कमी करील. तारेला एक खरा व्यास असतो आणि आपली वाचने त्याच्या भोवती विखुरतात. खेळाला असा एक खरा गुणांक आहे, असे मानायला मला तरी आधार दिसत नाही. म्हणून समीक्षेतला मजकूर आधी वाचावा, आकडा मागाहून पाहावा, आणि आपली वजने ज्याच्याशी जुळतात असा एखादा समीक्षक हेरून ठेवावा.

हे सारे वर्गात करून पाहता येईल. त्यासाठी कन्सोल नको, पापड पुरेत. पेणच्या बाजारातून पाच निरनिराळ्या दुकानांतले पोह्याचे पापड आणा. बशांवर क, ख, ग, घ, च अशी चिठ्ठी लावा. कोणते कुठले, हे एकाच विद्यार्थ्याला माहीत असू द्या आणि त्याने गुण देऊ नयेत. बाकीच्या वीस-पंचवीस जणांनी एकमेकांशी न बोलता दहापैकी गुण लिहावेत. मग प्रत्येक पापडाची सरासरी, मध्यक आणि प्रमाण विचलन काढा. सरासरीने लावलेला क्रम आणि मध्यकाने लावलेला क्रम जुळतो का, ते पाहा. सर्वांत जास्त पट्टी ताणणारा परीक्षक कोण, तेही शोधून काढा. त्याचे गुण वगळल्यावर पहिला नंबर बदलतो का? आठवड्याने तोच प्रयोग, बशांवरची अक्षरे बदलून, त्याच मुलांवर पुन्हा करा आणि प्रत्येकाचे दोन वेळचे गुण शेजारी-शेजारी मांडा. एकाच माणसाने एकाच पापडाला दिलेल्या गुणांत किती फरक पडतो, ते कळेल. पापड मात्र दोन्ही वेळा एकाच माणसाने, एकाच तेलात तळावेत आणि पावसाळ्याचे दिवस असतील तर गुण द्यायच्या दहा मिनिटे आधीच तळावेत, नाहीतर सादळलेपणाचेच मोजमाप होईल.